मऊ धातुक खनिजं परावर्तित प्रकाशाखाली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायराइटचा पॉलिश सेक्शन (आरशासारखा घासलेला धातुकाचा तुकडा) कुणालाही जमतो. परीक्षा घेतं ते गॅलेना, म्हणजे शिशाचं धातुक खनिज, आणि त्याच्या शेजारी ग्रॅफाइट असेल तर मग विचारूच नका. मऊ खनिजाच्या पृष्ठभागावर दोन हस्ताक्षरं असतात: एक खनिजाचं, दुसरं पॉलिश करणाऱ्याचं. खालचे बहुतेक प्रश्न या दोन हस्ताक्षरांची गल्लत झाल्यामुळे पडतात. उदाहरणं शक्यतो राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-आगुचाच्या शिसं-जस्त धातुकातली घेतली आहेत. हा साठा १९७७ मध्ये सापडला आणि १९९१ पासून तिथे खाण चालू आहे. तिथल्या एकाच सेक्शनमध्ये गॅलेना, ग्रॅफाइट, स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज), पायरोटाइट आणि पायराइट शेजारी-शेजारी भेटतात. म्हणजे अगदी मऊपासून अगदी कडकपर्यंत सगळी मंडळी एका इंचात.

मऊ म्हणजे नेमकं किती मऊ?

या पानापुरतं, मोहस् मापनावर साधारण ३ पर्यंत. मॉलिब्डेनाइट १ ते १.५, ग्रॅफाइट १ ते २, कोव्हेलाइट १.५ ते २, स्टिबनाइट २, गॅलेना २.५, सोनं आणि चांदी २.५ ते ३, बोर्नाइट ३. स्फॅलेराइट आणि कॅल्कोपायराइट ३.५ ते ४ वर, म्हणजे मधल्या फळीत. पायराइट ६ च्या वर.

पण हा आकडा पाठ करून फारसं काही साधत नाही. सोनं आणि गॅलेना या मापनावर जवळजवळ शेजारी आहेत, तरी कापडावर दोघांचं वागणं अगदी वेगळं. सोनं लिंपलं जातं, गॅलेना तुटतं आणि ग्रॅफाइट सोलून निघतं. मऊपणाचे हे तीन स्वभाव ध्यानात ठेवले की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

नेहमीचा पातळ काप का चालत नाही?

३० मायक्रॉन जाडीच्या कापातूनही यातल्या बहुतेक खनिजांमधून प्रकाश आरपार जात नाही. खालून दिवा लावला तर ती काळी दिसतात. म्हणून दिवा वरून, ऑब्जेक्टिव्हमधूनच खाली सोडायचा आणि परत आलेला प्रकाश पाहायचा. आरशासारखा पृष्ठभाग लागतो तो यासाठीच.

सेक्शन तयार करताना मऊ खनिजांसाठी वेगळं काय करायचं?

सुरुवात साच्यापासून. बेकेलाइटमध्ये गरम दाबाने बसवण्याची सोय अनेक प्रयोगशाळांत असते, पण मऊ आणि ठिसूळ धातुकासाठी ती टाळा. त्या दाबाने गॅलेना पाटनाच्या प्रतलांवर (खनिज ज्या सपाट पातळ्यांवर सहज फुटतं त्यांवर) तडकतं, आणि मग ती भेग भूविज्ञानातली की आपली हे कुणालाच सांगता येत नाही. थंड जमणारं इपॉक्सी वापरा. नमुना भेगाळलेला असेल तर निर्वात पंपाखाली इपॉक्सी आत शिरू द्या. घाई असेल त्या दिवशीसुद्धा ही पायरी गाळू नका.

पुढे सिलिकॉन कार्बाइडचे कागद ३२०, ६००, १२०० या क्रमाने, मग हिऱ्याची पेस्ट ६, ३, १ आणि शेवटी पाव मायक्रॉन. क्रम सगळीकडे हाच असतो. फरक पडतो हाताच्या वजनाने. मऊ खनिजाला दाब कमी आणि वेळही कमी. ओरखडा दिसला की नवशिका जोर वाढवतो, आणि त्याच जोराने त्या ओरखड्याच्या जागी दहा नवे उमटतात. ओरखडा जात नसेल तर एक पायरी मागे जा. शेवटच्या कापडावर दहा मिनिटं घासून मागच्या पायरीची चूक निघत नाही, उलट कडक खनिजं उंच राहतात, मऊ खाली जातात आणि सेक्शनला डोंगर-दऱ्यांची कळा येते.

कापडाची निवड हा तडजोडीचा मामला आहे. लवदार कापड मऊ खनिज छान चमकवतं, पण खळगे आणि उंचसखलपणा वाढवतं. बिनलवीचं कडक कापड पृष्ठभाग सपाट ठेवतं, पण ओरखडे सोडतं. मी ३ मायक्रॉनपर्यंत बिनलवीचं वापरतो आणि शेवटची एक-दोन मिनिटं तेवढी लवदार कापडावर.

दोन पायऱ्यांच्या मधे सेक्शन आणि हात दोन्ही धुवा. हात धुवायला लोक विसरतात. नखात अडकलेला ६ मायक्रॉनचा एक कण पाव मायक्रॉनच्या कापडावर गेला की ते कापड कायमचं बाद.

किती ओरखडे चालतील?

मोजमापासाठी एकही नाही. ओळखण्यासाठी बरेच चालतात, आणि कधी कधी मदतही करतात. एकच लांब ओरखडा तीन-चार कणांवरून गेला असेल तर तो पुसण्याआधी नीट पाहा. गॅलेनावर तो रुंद आणि खोल असतो, स्फॅलेराइटवर बारीक होतो, पायराइटवर दिसेनासा होतो आणि पलीकडच्या गॅलेनात पुन्हा उमटतो. कुठलंही उपकरण न वापरता तीन खनिजांचा कठिनतेचा क्रम तुमच्या हातात आला.

गॅलेनात त्रिकोणी खळगे का दिसतात?

गॅलेनाला एकमेकांशी काटकोनात असलेली पाटनाची तीन प्रतलं आहेत. ते फुटलं की घनाकृती तुकडे पडतात, हे हातातल्या नमुन्यातही दिसतं. सेक्शनचं प्रतल या घनाला तिरकं छेदून जातं तेव्हा पॉलिश करताना घनाचा एखादा कोपरा उचकटून निघतो. घनाचा कोपरा तिरका कापला तर त्रिकोणच मिळतो. साबणाच्या वडीचा कोपरा सुरीने उडवून पाहा, लगेच कळेल.

यातून पुढचंही निघतं. सेक्शन घनाच्या एखाद्या बाजूला समांतर असेल तर खळगे चौकोनी किंवा काटकोनी दिसतात. म्हणजे खळग्याच्या आकारावरून त्या कणाचा कल ओळखता येतो. एका कणातले सगळे त्रिकोण एकाच दिशेला तोंड करून असतात. दिशा बदलली की समजायचं, कणाची सीमा ओलांडली. गॅलेना एकसंध पांढरं दिसत असताना त्यात किती कण आहेत हे सांगणारी एवढी स्वस्त खूण दुसरी नाही.

त्रिकोणांच्या रांगा वाकलेल्या दिसल्या तर थांबा आणि फोटो घ्या. दाबाखाली गॅलेना वाकतं, सरकतं, जवळजवळ वाहतं, आणि वाकलेलं पाटन त्या रांगांतून दिसतं. रामपुरा-आगुचाच्या खडकांनी फार वरच्या दर्जाचं रूपांतरण सोसलंय. तिथे कडक पायराइट तडकलं आणि गॅलेना त्याच्या तडांत शिरून बसलं. एकाच दाबाला दोन खनिजांनी दिलेली दोन उत्तरं एकाच दृश्यक्षेत्रात पाहायला मिळतात.

माझ्या सेक्शनमध्ये त्रिकोण एकही नाही. मग ते गॅलेना नाही का?

असू शकतं. पॉलिश फार चांगलं झालं की खळगे भरून येतात किंवा मुळात पडतच नाहीत. उत्तम पॉलिश केलेल्या सेक्शनमध्ये परीक्षेच्या वेळी विद्यार्थी गडबडतात आणि ओबडधोबड सेक्शनमध्ये पटकन ओळखतात. ही गंमत दरवर्षी घडते. अशा वेळी कणाच्या कडा आणि भेगांच्या आसपास पाहा, तिथे एखाद-दुसरा त्रिकोण उरलेला असतो.

तोही नसेल तर बाकीचे पुरावे गोळा करा: शुभ्र पांढरा रंग, हिरव्या प्रकाशात ४३ टक्क्यांच्या आसपास परावर्तकता (पडलेल्या प्रकाशापैकी परत येणारा हिस्सा), क्रॉस निकॉलमध्ये (प्रकाश एकाच दिशेत कंप पावू देणारे दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात असताना) सर्व दिशांना अंधार. रंगाबाबत मात्र शेजाऱ्यावर नजर ठेवा. स्फॅलेराइटजवळ गॅलेना डोळे दिपवणारं पांढरं दिसतं, तर पायराइटजवळ तेच किंचित निळसर राखाडी वाटतं. गॅलेनाने काही बदललं नाही, आपल्या डोळ्याने तुलना बदलली. एकटं खनिज पाहून रंगाचं नाव देऊ नका.

गॅलेनात आणि सोन्यात बारीक गडद ठिपके दिसतात. समावेश (आत अडकलेले दुसऱ्या खनिजाचे कण) आहेत का?

आधी स्वतःवर संशय घ्या. सिलिकॉन कार्बाइडचे आणि हिऱ्याचे कण मऊ खनिजात रुततात. ते गडद राखाडी, टोकदार आणि पृष्ठभागापेक्षा उंच दिसतात. ते गॅलेनात भरपूर पण शेजारच्या स्फॅलेराइटमध्ये आणि पायराइटमध्ये अजिबात नसतील, तर शंभरात नव्याण्णव वेळा ते आपल्याच कागदाचे असतात. खनिजातले खरे समावेश बहुधा स्फटिकाच्या दिशांना किंवा कणसीमांना धरून असतात. रुतलेले कण मात्र वाटेल तसे विखुरलेले असतात.

मी उमेदीच्या काळात अशा ठिपक्यांवर दोन पानी टिपण लिहिलं होतं, नकाशासकट. आमच्या इथे सेक्शन कापणाऱ्या काकांनी ते वाचलं नाही. त्यांनी नुसता सेक्शन मागून घेतला, दोन पायऱ्या मागे नेऊन पुन्हा पॉलिश केला आणि परत दिला. ठिपके गायब. शेजारी चहाचा कप ठेवला होता, तो मात्र मी तसाच सोडून उठलो.

काल्ब रेघ कशी पाहायची? दरवेळी उलटसुलट होतं.

कडक खनिज पॉलिश केल्यावर थोडं उंच राहतं, मऊ थोडं खाली बसतं आणि दोघांच्या सीमेवर बारीक उतार तयार होतो. उतारावरून परतणारा प्रकाश सीमेलगत एका उजळ रेघेसारखा दिसतो, हीच काल्ब रेघ. फोकस नेमका करा, मग स्टेज आणि ऑब्जेक्टिव्हमधलं अंतर हळूच वाढवा. रेघ मऊ खनिजाच्या बाजूला सरकते.

ज्यांच्या सूक्ष्मदर्शकात फोकस करताना स्टेज वरखाली होते त्यांच्यासाठी आमच्याकडे एक ओळ चालते: ‘स्टेज खाली, रेघ मऊकडे निघाली.’ तुमच्या यंत्रात नळी सरकत असेल तर नळी वर घ्यायची. गोंधळ होतो तो इथेच. चाक कुठल्या बाजूला फिरवलं यापेक्षा अंतर वाढलं की कमी झालं हे महत्त्वाचं.

मध्यम वर्धन घ्या आणि छिद्रपटल (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारा पडदा) थोडं बंद करा, रेघ ठळक होते. आणि सरावासाठी गॅलेना-पायराइटची सीमा घ्या, कारण तिथलं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. दोन मऊ खनिजांच्या सीमेवर मात्र रेघ अनेकदा इतकी अंधुक असते की पाहणाऱ्याला जे हवं तेच दिसतं. तिथे ओरखड्यांवर जास्त भरवसा ठेवा.

ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनाइट वेगळे कसे ओळखायचे?

ही गल्लत फार जुनी आहे. मॉलिब्डेनाइट हे नावच शिशासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलंय, आणि आपण आजही ग्रॅफाइटच्या काडीला शिसपेन्सिल म्हणतो. शिसं, ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनाइट, बोटाला काळं लावणारी ही तिन्ही राखाडी द्रव्यं लोकांनी शतकानुशतकं एकाच पोत्यात घातली होती. मॉलिब्डेनाइट ग्रॅफाइटहून वेगळं आहे हे शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७८ मध्ये दाखवलं. त्याला आम्लं लागली होती, आपल्याला स्टेज फिरवली तरी पुरतं.

फक्त ध्रुवक लावा, विश्लेषक (वरचा दुसरा ध्रुवक) काढून ठेवा आणि स्टेज फिरवा. दोन्ही खनिजं उजळतात आणि अंधारतात. पण ग्रॅफाइट सर्वांत उजळ असतानाही जेमतेम स्फॅलेराइटइतकं उजळ दिसतं, आणि अंधारलं की इपॉक्सीत मिसळून जाईल इतकं काळवंडतं. मॉलिब्डेनाइट उजळ असताना गॅलेनाच्या जवळ पोचतं आणि अंधारल्यावर राखाडी राहतं, काळं पडत नाही. शेजारी गॅलेना किंवा स्फॅलेराइटचा एखादा कण असला की ही तुलना मोजपट्टीसारखी चालते.

क्रॉस निकॉलमध्ये दोन्ही झगझगतात. दोघांच्याही पत्र्या (पातळ पापुद्रे) वाकलेल्या असतात, त्यामुळे स्टेज फिरवताना अंधाराची लाट पत्रीवरून पुढे सरकत जाते. पहिल्यांदा पाहताना सगळेच जण ती तीन-चारदा पुढे-मागे फिरवून पाहतात.

एक सूचना. पत्रीच्या सपाट अंगाला समांतर काप गेला असेल तर हा खेळ दिसणार नाही. त्या दिशेने दोन्ही खनिजं फिरवूनही तशीच राहतात, शिवाय पृष्ठभाग सोललेला आणि खराब असतो. पत्रीची कड दिसेल असा कण शोधा. भारतात मॉलिब्डेनाइट पाहायचं तर बालाघाट जिल्ह्यातल्या मलंजखंडच्या तांब्याच्या धातुकात कॅल्कोपायराइटबरोबर मिळतं. विदर्भातल्या विद्यार्थ्यांना ते दूर नाही.

गॅलेना समदिक् (सर्व दिशांना प्रकाशाशी सारखंच वागणारं) आहे, तरी क्रॉस निकॉलमध्ये चमकतं. का?

ओरखड्यांमुळे. ओरखड्याच्या तिरक्या भिंतींवरून प्रकाश परततो तेव्हा त्याचं ध्रुवण बदलतं आणि अंधारात तेजस्वी रेघा दिसतात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असतील तर पूर्ण कणच फिरवताना उजळतो-मावळतो आणि खोटी विषमदिकता तयार होते. म्हणून शेवटच्या पायरीत सेक्शन एका दिशेने घासू नका, हातात सतत फिरवत राहा.

सोनं आणि कॅल्कोपायराइट यांच्यात फसायला होतं.

ज्याने एकदा सेक्शनमध्ये खरं सोनं पाहिलं तो सहसा फसत नाही. ज्याने पाहिलेलं नाही तो प्रत्येक पिवळा कण सोन्याचा समजतो. सोन्याची परावर्तकता हिरव्या प्रकाशात ७० टक्क्यांहून जास्त, निळ्यात तिच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून ते भडक पिवळं. कॅल्कोपायराइट चाळिशीत, पितळेसारखं. दोन्ही एका दृश्यात असले तर कॅल्कोपायराइट मळकं दिसतं.

मऊपणाचीही मदत होते. सोन्यावर ओरखडे जवळपास नेहमीच असतात, कडा गोलसर असतात आणि ते शेजारच्या खनिजावर किंचित लिंपलेलंही असू शकतं. या लिंपण्याने सोन्याचा कण आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. कणांचा आकार मोजून धातू किती हाती लागेल याचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे विसरू नये. क्रॉस निकॉलमध्ये सोनं पूर्ण काळं पडत नाही, हिरवट मंद उजेड उरतो. चांदीचं प्रमाण वाढलं की पिवळेपणा फिका होत जातो, त्यामुळे फिकं दिसलं म्हणून लगेच सोनं नाकारू नका.

कर्नाटकातल्या हट्टीच्या धातुकात सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट असतं. एवढ्या कडक शेजाऱ्यापाशी सोन्याचा कण खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. तिथे फोकस दोनदा करावा लागतो, एकदा आर्सेनोपायराइटवर, एकदा सोन्यावर.

तेलातलं ऑब्जेक्टिव्ह खरंच लागतं का?

गॅलेनासाठी क्वचित. कोव्हेलाइट, ग्रॅफाइट आणि राखाडी खनिजांच्या गर्दीसाठी मात्र हो.

कारण गणितात आहे. पृष्ठभागावरून किती प्रकाश परततो हे खनिज आणि वरचं माध्यम यांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. क्वॉर्ट्झचा अपवर्तनांक १.५५ धरला तर हवेत परावर्तकता ४.६५ टक्के येते. १.५१५ अंकाच्या तेलात ती ०.०१ टक्क्यापर्यंत घसरते, म्हणजे क्वॉर्ट्झ जवळपास नाहीसाच होतो. २.३७ अंकाचं स्फॅलेराइट हवेत १६ टक्क्यांच्या वर असतं, तेलात ५ च्या खाली येतं. पार्श्वभूमी अशी विझली की फिके रंग वर येतात. कोव्हेलाइट हवेतही निळंच असतं, पण तेलाखाली स्टेज फिरवताना ते जांभळ्या-तांबूस छटांकडे झुकतं. इतकं उघड लक्षण दुसऱ्या फारशा खनिजाला नाही.

तेल पुसताना घासू नका. लेन्सचा कागद पेट्रोलियम ईथरने ओलसर करून नुसता टेकवायचा आणि उचलायचा. मऊ खनिजावर कागदाचाही ओरखडा पडतो.

सूक्ष्मकठिनता मोजायची तर किती भार घ्यायचा?

विकर्स पद्धतीत हिऱ्याचा पिरॅमिड रोवतात आणि ठशाचा कर्ण मोजतात. भार ग्रॅममध्ये आणि कर्ण मायक्रॉनमध्ये घेतला तर कठिनता = १८५४.४ × भार ÷ कर्णाचा वर्ग.

गॅलेनाची कठिनता ७५ धरा. १०० ग्रॅम भाराने कर्ण सुमारे ५० मायक्रॉन येतो. पायराइटची १५०० धरली तर तोच भार फक्त ११ मायक्रॉनचा ठसा उमटवतो. आता तुमचा गॅलेनाचा कण ६० मायक्रॉनचा असेल तर ५० चा ठसा त्याच्या कडांना भिडेल आणि आकडा शेजाऱ्याचा येईल. भार २५ ग्रॅम केला की कर्ण निम्मा, २५ मायक्रॉन होतो. ठशाची खोली कर्णाच्या सातव्या हिश्श्याएवढी असते, तेव्हा कणाखाली काय आहे याचाही विचार करावा लागतो. गॅलेनाचा पातळ पापुद्रा पायराइटवर बसलेला असेल तर तुम्ही नकळत पायराइटच मोजाल.

आकडा लिहिताना भार लिहिलाच पाहिजे. भाराशिवाय विकर्स आकडा म्हणजे तारखेशिवाय पावसाची नोंद.

ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनाइटवर मी हा प्रयोग टाळतो. पत्र्या सरकतात, ठशाच्या कडा फाटतात, आणि आलेला आकडा खनिजाचा कमी, त्या दिवशीच्या नशिबाचा जास्त असतो.

पाहता पाहता खनिज काळवंडलं. दिव्याचा दोष?

खनिजाचा. चांदीची अनेक खनिजं प्रखर प्रकाशाने गडद होतात. अ‍ॅकँथाइट, पायरार्जिराइट, प्रूस्टाइट ही त्यातली नेहमीची. सिनाबारही प्रकाशाने काळवंडतं. दिवा मंद ठेवा, फोटो आधी काढा, निरीक्षण नंतर करा, आणि चहाला उठताना दिवा बंद करा. बोर्नाइटचं दुखणं वेगळं: ताजं असताना ते गुलाबी-तपकिरी असतं, पण हवेने काही तासांत जांभळट होऊ लागतं. रंग लिहायचा तर पॉलिश केलेल्या दिवशीच लिहा.

धातुकाचा चुरा किंवा प्लवन प्रक्रियेतला सांद्र (फेसावर तरंगवून वेगळा काढलेला समृद्ध माल) तपासायचा आहे. तसाच इपॉक्सीत टाकू का?

टाकाल तर फसाल. हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि चूक मात्र बहुतेकांची होते.

इपॉक्सी जमायला वेळ लागतो. तेवढ्यात ७.५ घनतेचं गॅलेना तळाशी जातं, ४ घनतेचं स्फॅलेराइट त्याच्या मागोमाग, आणि २.२ घनतेचं ग्रॅफाइट आरामात वर रेंगाळतं. साचा उलटा करून तळ पॉलिश केला की मोजणीत गॅलेना भरपूर आणि ग्रॅफाइट नगण्य. अहवालात लिहिलं जातं, ‘ग्रॅफाइटचा त्रास नाही.’ कारखान्यात मात्र तेच ग्रॅफाइट फेसावर तरंगत असतं. ते निसर्गतःच पाण्याला भीत असल्याने कुठलाही संग्राहक (कण फेसाला चिकटावा म्हणून घालायचं रसायन) न घालताही फेसाबरोबर वर येतं आणि शिशाच्या सांद्रात घुसतं.

उपाय सोपा आहे. जमलेला ठोकळा उभा चिरा, दोन्ही अर्ध्या भागांच्या चिरलेल्या बाजू खाली करून पुन्हा साच्यात बसवा आणि तो उभा छेद पॉलिश करा. तळापासून वरपर्यंतचे सगळे थर एकाच पृष्ठभागावर येतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काही प्रयोगशाळा इपॉक्सीत ग्रॅफाइटची पूड मिसळतात. एरवी ही छान युक्ती आहे, पण रामपुरा-आगुचाच्या धातुकात ती करणं म्हणजे चोराच्याच हाती मोजणीची वही देणं.

याच मोजणीत आणखी एक खाचखळगा आहे. गॅलेना ठिसूळ असल्यामुळे गिरणीत ते बाकीच्यांपेक्षा लवकर बारीक होतं. सर्वांत बारीक गाळात त्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं तर दोष धातुकाचा समजू नका. दळण जास्त झालंय का ते आधी पाहा.

नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज धातुकातलं पायरोल्यूसाइट हाताला काळं लावतं. तेही मऊच ना?

हात काळे होतात म्हणून मऊ म्हणायचं, तर होय. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नाही. पायरोल्यूसाइटचा एकसंध स्फटिक ६ पर्यंत कडक असू शकतो. हाताला लागते ती सुईसारख्या अतिसूक्ष्म कणांची सैल गर्दी. गर्दी मऊ, माणूस कडक. सेक्शनमध्ये स्फटिक मलईसारखा पिवळसर पांढरा दिसतो, क्रॉस निकॉलमध्ये रंग खूप बदलतो, आणि सैल भाग मात्र पॉलिश होता होता निखळतो. डोंगरी बुजुर्गचा नमुना असेल तर इपॉक्सी निर्वात पंपाखालीच भरा, नाहीतर शेवटी हातात खड्ड्यांचा नकाशा उरतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असताना हे सगळं कशाला?

तो रासायनिक घटक सांगतो, आणि त्याची गरज पडतेच. पण त्याच्यात कुठला कण पाहायचा हे आधी इथे ठरवावं लागतं. आणि लिंपलेलं गॅलेना किंवा रुतलेलं सिलिकॉन कार्बाइड तो तितक्याच निष्ठेने मोजून देतो.

काही धोका?

गॅलेना म्हणजे शिसं. कोरडं घासू नका, हातमोजे घाला, घासलेला गाळ बेसिनमध्ये न सोडता वेगळ्या डब्यात साठवा. रियलगार आणि ऑर्पिमेंटमध्ये आर्सेनिक असतं, त्यांनाही हेच नियम. प्रयोगशाळेत जेवणाचा डबा उघडून खाणं तर नकोच.

कपाटातले जुने सेक्शन पुन्हा वापरता येतील का?

येतात. बहुतेकांवर नुसता गंज आणि धूळ असते. १ मायक्रॉनवर अर्धा मिनिट, पाव मायक्रॉनवर एक मिनिट, तेही हलक्या हाताने. त्याआधी मात्र एकदा सेक्शन आहे तसा पाहून घ्या. कुठलं खनिज किती काळवंडलंय यावरून काही ओळखी फुकटात होतात, आणि पॉलिश केल्यावर ती संधी जाते. नंतर ओलावा शोषक घातलेल्या बंद बरणीत ठेवा. क्रमांक चिकटपट्टीवर लिहू नका, पावसाळ्यात ती सुटते. मागच्या इपॉक्सीवर सुईने कोरा. आमच्याकडे बिनक्रमांकाचे एकतीस सेक्शन आहेत. हातात घेऊन जड लागले ते गॅलेनाचे, एवढंच आता त्यांच्याबद्दल सांगता येतं.